आक्कांची फुंकर : एका प्राणायाम वर्गातलं प्रकरण

हे प्रकरण माझ्या वर्गात घडलं आणि त्यातल्या पहिल्या चार चुका माझ्या आहेत. श्वसनाचे व्यायाम शिकवणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून, आक्कांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या संमतीने लिहीत आहे. गाव ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. आक्कांना गावात सगळे आक्काच म्हणतात, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात मी सकाळी सहा ते सात बायकांचा योगवर्ग घेते. वर्गाला अकरा वर्षं झाली. तिशीपासून सत्तरीपर्यंतच्या पंचवीस-तीस बायका असतात. अर्धा तास आसनं, वीस मिनिटं प्राणायाम, शेवटी शवासन, असा ठरलेला क्रम. प्राणायामाची सुरुवात कपालभातीने, मग भस्त्रिका, अनुलोम-विलोम आणि भ्रामरी. नवीन आलेल्या बाईला मी पहिल्या दिवशी तीन प्रश्न विचारायचे: बीपी आहे का, गुडघे दुखतात का, पोटाचं ऑपरेशन झालंय का. श्वासाबद्दल एकही प्रश्न नव्हता. श्वास शिकवणाऱ्या वर्गात श्वासाचीच चौकशी नव्हती, हे मला पुढे वर्षभर सलत राहिलं.

आक्का आल्या त्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात. २१ जूनच्या योगदिनाचा कार्यक्रम शाळेच्या मैदानावर झाला होता, तो बघून सुनेने त्यांना गळ घातली. वय ६१. आयुष्यात विडीला हात लावला नाही, मिश्रीसुद्धा वीस वर्षांपूर्वी सुटलेली. मात्र बाराव्या वर्षापासून चूल. सासरी सोळा माणसांचं खटलं, दोन्ही वेळच्या भाकऱ्या, जळणाला शेणी, बाभळीचा फाटा, उसाचं चिपाड. पावसाळ्यात ओलं जळण पेटत नसे, तेव्हा फुंकणी घेऊन तासतासभर त्या चुलीपुढे बसायच्या. उज्ज्वला योजना २०१६ च्या मे महिन्यात सुरू झाली आणि पुढच्या वर्षी त्यांच्याकडे गॅस आला. तोवर चाळीसहून जास्त वर्षांचा धूर छातीत गेलेला होता.

पाच-सहा वर्षांपासून चालताना दम लागायचा. थंडी पडली की दोन-दोन महिने खोकला आणि सकाळी बेडका. गावातल्या डॉक्टरांनी ‘दमा आहे’ म्हणून दोन वर्षांपूर्वी पंप, म्हणजे तोंडाने ओढायचा इन्हेलर, दिला होता. फुंकून करायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, कधी झालेलीच नव्हती.

आक्का एकेकाळी गावातल्या बायकांच्या भजनी मंडळात पुढे उभ्या राहून म्हणायच्या. आता ओळ मध्येच तुटायची, म्हणून त्या मागे बसून नुसता टाळ वाजवायच्या. पहिल्या भेटीत मी विचारलं, योग कशासाठी करायचाय? त्या म्हणाल्या, “एकादशीला भजनात उभं ऱ्हायचंय.” वजन कमी करायचंय, साखर आटोक्यात आणायचीय, अशी उत्तरं ऐकायची सवय झालेल्या मला ते फार आवडलं. आवडलं, पण त्यामागचं दुखणं मी विचारलं नाही.

अडचण कशी वाढत गेली

मंदिराला बावीस पायऱ्या आहेत. पहिल्याच सकाळी आक्का अकराव्या पायरीवर टेकल्या. मी वरून पाहिलं, हात केला आणि “या सावकाश” म्हणाले. पुढे रोजच त्या अकराव्या पायरीवर बसायच्या आणि रोज मी ते बघायचे. एखाद्या तपासणीने सांगितलं असतं तितकं ती पायरी सांगत होती.

पहिल्या आठवड्यातच त्या म्हणाल्या, “बाई, आत वडलेला श्वास भाईरच येत न्हाई.” नवशिक्यांना लय सापडत नाही, तसंच हे असेल असं मी धरलं. “होईल सवय,” म्हणाले. या एका वाक्यावर मी थांबले असते, तर पुढचं बरंच टळलं असतं. त्यांनी आपला आजार इतक्या नेमकेपणाने सांगितला होता की नंतर तज्ज्ञांनीही तेच, फक्त लांबवून सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात कपालभाती करताना त्यांना चक्कर आली आणि बोटांना मुंग्या आल्या. आमचा वेग मिनिटाला साठ स्ट्रोक, म्हणजे श्वास सोडायचे साठ झटके, अशी पाच मिनिटं. मी त्यांना वेग कमी करायला सांगितलं, थांबवलं नाही. “सुरुवातीला होतं असं, पण सोडू नका,” हे माझेच शब्द. आक्का शब्दाला पक्क्या. त्यांनी सोडलं नाही.

सप्टेंबरमध्ये वर्गानंतर गप्पा चालल्या होत्या. एक बाई म्हणाल्या, कपालभातीने आपली बीपीची गोळी सुटली. आक्कांनी माझ्याकडे बघून विचारलं, “मग माझा पंप बी सुटंल का वं बाई?” मी हसले आणि म्हणाले, “बघूया, नियमित करत राहा.” तो नकार नव्हता. आक्कांच्या कानाला तो होकार वाटला. आपल्याकडे पंपाबद्दल भीती आहेच: एकदा घेतला की सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, चारचौघांत घ्यायची लाज वाटते. त्या भीतीला माझ्या गप्प बसण्याने बळ मिळालं. दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी पंप बंद केला. मला ते कळलं नोव्हेंबर सरता सरता, त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा.

त्या दिवसांत थंडी पडलेली, ऊसतोड सुरू झालेली, रानोमाळ पाचट पेटवलेलं. चार दिवस सर्दी होती. पाचव्या रात्री आक्कांना एक वाक्य सलग बोलता येईना. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं तेव्हा रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्के होता. पाच दिवस वाफ, ऑक्सिजन, स्टिरॉइड, अँटिबायोटिक. धाकट्या मुलाचा चाकणहून फोन आला: “मॅडम, तुमच्या त्या श्वासानं आईचं असं झालं.” मला उत्तर देता आलं नाही. पंप बंद होणं, सर्दी आणि धूर ही कारणं मोठी होती, असं डॉक्टरांचं मत. पण पंप का बंद झाला, या प्रश्नाचं उत्तर माझ्या वर्गात होतं.

छातीत नेमकं काय चाललं होतं

घरी आल्यावर महिनाभराने, तब्येत स्थिरावल्यावर स्पायरोमेट्री झाली. सगळा श्वास जोराने सोडताना पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते आणि एकूण किती पडते, हे त्यात मोजतात. औषध देऊनही हे प्रमाण ०.७० च्या खाली राहिलं, तर श्वासनलिकांत कायमचा अडथळा आहे असं मानतात. आक्कांचं प्रमाण ०.५२ आलं. पहिल्या सेकंदातली हवा त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईच्या मानाने ४६ टक्के. निदान झालं सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिकांत कायमचा अडथळा करणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं. विडी-सिगारेट न ओढताही, निव्वळ चुलीच्या धुराने हा आजार होतो, हे मी ऐकून होते. माझ्या सतरंजीवर बसलेल्या बाईला तो असेल, हे मनात आलं नव्हतं.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला तासभर बसवून समजावलं. निरोगी फुप्फुसात बारीक नळ्या भोवतीच्या लवचीक जाळ्याने उघड्या धरलेल्या असतात. या आजारात ते जाळं विरतं. मग श्वास जोराने सोडायला गेलं की छातीतला दाब त्या नळ्यांनाच चेपतो, त्या मिटतात आणि हवा मागे अडकते. त्यात श्वास भराभर घेतला तर सोडायला वेळ कमी मिळतो. आधीची हवा बाहेर पडायच्या आत नवी आत येते. पोतं आधीच तोंडोतोंड भरलेलं, त्यात आणखी धान्य ओतत राहायचं, तसं. माणसाला वाटतं हवा कमी पडतेय, म्हणून तो आणखी जोराने आत ओढतो आणि पोतं आणखी ताणतं. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, खाली दबून सपाट होतं, त्याची हालचालच उरत नाही.

आता कपालभाती आठवा. सोडायचं जोराने आणि करायचं भराभर. आक्कांच्या फुप्फुसाला नको असलेल्या नेमक्या दोन गोष्टी. ज्यांची फुप्फुसं निरोगी आहेत त्यांना कपालभाती मानवते, मी अजूनही शिकवते. पण आक्कांना ती द्यायलाच नको होती.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी सोडावी लागली. ‘खोल श्वासाने रक्तात जास्त ऑक्सिजन जातो,’ हे वाक्य मी वर्गात अकरा वर्षं म्हणत होते. निरोगी माणसाचं रक्त साध्या श्वासातही ९५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं, त्यात भर घालायला जागाच फारशी नसते. उलट जरुरीपेक्षा भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यातून चक्कर, मुंग्या येतात. मी ज्याला ‘सुरुवातीला होतं असं’ म्हणाले, तो शरीराचा स्पष्ट इशारा होता. संथ श्वासाचे फायदे आहेत: मन निवतं, नाडी शांत होते, रक्तदाबालाही काही जणांत थोडा उतार पडतो. पण ते येतात संथपणातून, हवा जास्त भरण्यातून नाही.

हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असंही नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, ते योगक्रिया प्रयोगशाळेत मोजून बघण्यासाठीच. त्याहून कितीतरी जुन्या हठप्रदीपिका या योगग्रंथात तर सरळ इशारा आहे: सिंह, हत्ती, वाघ जसे ‘शनैः शनैः’, हळूहळू, वश करतात तसाच वायू, ‘अन्यथा हन्ति साधकम्’, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. पुढे चुकीच्या अभ्यासाने होणारे रोग सांगितलेत, त्या यादीत पहिली तीन नावं आहेत उचकी, श्वास आणि कास, म्हणजे दम आणि खोकला. आणि कपालभाती तिथे प्राणायामात येतच नाही, ती षट्कर्मांतली शुद्धिक्रिया आहे. हे श्लोक मी परीक्षेला पाठ केले होते. वर्गात बसलेल्या माणसाशी ते जोडून बघितले नव्हते.

कोणते पर्याय होते

डिसेंबरअखेरीस आक्कांच्या घरी सोप्यात बसून बोलणं झालं. आक्का, थोरला मुलगा, सून आणि मी. फिजिओथेरपिस्ट ताई फोनवर.

मुलाचं म्हणणं, आता श्वासाचं काही नको, औषध आणि आराम. रागातलं असलं तरी ते समजण्यासारखं होतं. ताईंनी त्यातली अडचण सांगितली: दम लागतो म्हणून हालचाल टाळली की पायांचे स्नायू गळतात, मग तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो, आणि माणूस वर्षभरात खाटेला खिळतो. या आजारात फुप्फुसाइतकेच पायही सांभाळावे लागतात.

दुसरा पर्याय सर्वांत बरा होता, पण आक्कांच्या आवाक्यात नव्हता. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन फुप्फुसांच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम करायचा. त्यात चालणं, हातापायांचे व्यायाम, श्वासाचं तंत्र, पंपाचं शिक्षण, सगळं देखरेखीखाली होतं. पण एसटीने दीड तास जायला, दीड तास यायला, सोबत एक माणूस, आणि हंगाम ऊसतोडीचा.

तिसरा, पुन्हा माझ्या वर्गात, कपालभाती गाळून. हा मीच नाकारला. पंचवीस बायका एका लयीत श्वास घेत असताना त्यांच्यात बसलेलं माणूस आपला वेग राखू शकत नाही. आक्कांसारखी बाई तर नाहीच.

चौथ्यावर जमलं: ताईंनी आखून द्यायचं, महिन्यातून दोनदा आक्कांनी त्यांच्याकडे जायचं, मधल्या दिवसांत मी घरी जाऊन सराव घ्यायचा. माझ्याकडून तीन अटी ठेवल्या. पंपाचा निर्णय फक्त डॉक्टर घेतील. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आधी आणि नंतर बघायचा, डॉक्टरांनी सांगितलेल्या ८८ च्या खाली गेला तर थांबायचं. आणि आक्का जे सांगतील ते मी लिहून घेईन, त्यांच्याच शब्दांत.

मुलाने होकार दिला नाही, पण विरोधही केला नाही. आक्का म्हणाल्या, “भाईर कसा काढायचा तेवढं शिकवा.”

काय केलं

पहिल्या भेटीत श्वास शिकवलाच नाही, घर बघितलं. आणि कळलं की गॅस आला तरी चूल गेलेली नाही. स्वयंपाक गॅसवर, पण आंघोळीचं पाणी तापायचं न्हाणीशेजारच्या चुलीवर. आठ माणसांचं पाणी गॅसवर परवडत नाही, हा हिशेब खरा होता. शिवाय भाकरी. “गॅसवरच्या भाकरीला चव न्हाई,” हे आक्कांचंच मत, म्हणून भाकरीही त्याच चुलीवर, आणि ती भाजायला त्याच बसायच्या. श्वासाचा व्यायाम दिवसाला वीस मिनिटं आणि धूर दोन तास. भाकरी गॅसवर आणायला आक्का नाराजीने तयार झाल्या. पाण्याची चूल परसात, छपराबाहेर हलवली आणि ती पेटवायचं काम सुनेकडे गेलं. या निर्णयाकडे शेवटी पुन्हा यावं लागेल.

पंप कसा घेतात तेही पाहिलं. दाबायचं आणि ओढायचं यांचा मेळ बसत नव्हता, निम्मं औषध तोंडात राहायचं. ताईंनी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून दिला, औषध घेतल्यावर खळखळून चूळ भरायला शिकवलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त फरक या दहा मिनिटांनी पडला.

मग फुंकर. तंत्र साधं आहे: नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, ओठ शीळ घालताना करतो तसे आवळायचे आणि चार मोजेपर्यंत हळू सोडायचा. ओठांच्या अडथळ्याने नळ्यांत मागून थोडा दाब राहतो, त्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा वाट काढते. पण ‘दोन मोजा, चार मोजा’ म्हटलं की आक्का खांदे वर घेऊन, गाल फुगवून जोर लावायच्या. पोटाकडून जोर आला की पुन्हा तीच कपालभाती. चार दिवस जमलंच नाही.

पाचव्या दिवशी कोपऱ्यात फुंकणी दिसली. मी ती त्यांच्या हातात दिली. म्हटलं, “आक्का, विस्तव फुलवायचा नाही. निखाऱ्यावरची राख तेवढी हलली पाहिजे, उडता कामा नये.” त्यांनी फुंकणी ओठांना लावली, डोळे मिटले, आणि इतका लांब, एकसारखा श्वास सोडला की सून आतून बघायला आली. पन्नास वर्षांचा सराव होता तो. त्यांच्या ओठांना कला येत होती, तिच्यातला जोर काढायचा तेवढा शिल्लक होता. दोन दिवसांनी फुंकणी बाजूला ठेवली. मोजायला आकडे नकोत म्हणाल्या, म्हणून ‘विठ्ठल’ घेतला: एका विठ्ठलात श्वास आत, दोन विठ्ठलांत बाहेर. पुढे एकास तीन झालं, तेही त्यांचं त्यांनी.

एक गोष्ट फसली, तीही सांगते. पोट फुगवून श्वास घ्यायचा, ज्याला आम्ही उदरश्वसन म्हणतो, तो मी दुसऱ्या आठवड्यात आडवं झोपवून सुरू केला. मिनिटभरात आक्का उठून बसल्या. वहीत त्यांचे शब्द आहेत, “छातीवर पाटा ठेवल्यागत.” ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ज्यांची छाती हवेने ताणलेली आहे, त्यांचं श्वासपटल आधीच सपाट असतं, त्यांना या प्रकाराने कधीकधी श्रम जास्त पडतात. लगेच सोडलं. जुलैमधल्या मला हे जमलं नसतं, मी ‘सवय होईल’ म्हटलं असतं.

त्याऐवजी पुढे झुकून बसणं शिकवलं: कोपरं मांडीवर, खांदे सैल. अचानक दम लागला की ओट्यावर हात टेकून हीच ठेवण आणि फुंकर. श्वास कामाला जोडला. उचलताना, वाकताना, चढताना श्वास सोडायचा; थांबून घ्यायचा. घागर उचलताना आक्का श्वास कोंडायच्या, तसं आपण सगळेच करतो. आता घागरही लहान आणि उचलताना फुंकर. चालणं रोज, आधी पाच मिनिटं, मग वाढवत वीस. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, कशातच नाही. तिसऱ्या आठवड्यापासून भ्रामरी घेतली, कारण गुणगुणताना श्वास आपोआप सावकाश सुटतो. डाव्या-उजव्या नाकपुडीचा अनुलोम-विलोम सर्वांत शेवटी, प्रमाणाचा हट्ट न धरता, निजण्याआधी पाच मिनिटं.

पायऱ्या सातव्या आठवड्यात. पायरीवर उभं राहून श्वास घ्यायचा, सोडत सोडत दोन पायऱ्या, पुन्हा थांबायचं. अकराव्या पायरीवर त्या सवयीने बसायला वाकल्या, मग माझ्याकडे बघून उभ्याच राहिल्या. वर पोचायला साडेचार मिनिटं लागली. ऑक्सिमीटरवर ९०.

काय झालं

आठ आठवड्यांनी ताईंकडे पुन्हा मोजलं. तीस मीटरच्या पट्ट्यावर सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं, ही तपासणी सुरुवातीला २४० मीटर होती, ती २८५ झाली. या तपासणीत तीसेक मीटरची वाढ रुग्णाला जाणवण्याइतकी मानतात. बसल्या जागी श्वासांची गती मिनिटाला २६ वरून १९ वर आली. स्पायरोमेट्री मात्र जवळपास जिथल्या तिथे: ४६ चे ४७ टक्के, म्हणजे काहीच बदल नाही. विरलेलं जाळं श्वासाने परत विणलं जात नाही. मुलाला मी हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून दाखवले. आई बरी झाली नाही, आई त्याच फुप्फुसांनी जास्त चालतेय, हे त्याला कळावं म्हणून. तो बराच वेळ कागद बघत राहिला, मग म्हणाला, “मग पंप चालूच ऱ्हाणार.” हो, चालूच राहणार.

यातलं किती श्रेय फुंकरीचं, किती चालण्याचं, किती नीट घेतलेल्या पंपाचं आणि किती कमी झालेल्या धुराचं, हे वेगळं काढता येत नाही. सगळं एकाच वेळी सुरू केलं होतं. फुंकरीचा उपयोग मला सर्वांत स्पष्ट दिसला तो दम लागल्यावरच्या घाबरण्यात. आधी दम लागला की आक्का हात हलवायच्या, डोळे मोठे व्हायचे, घर गोळा व्हायचं. आता त्या पुढे झुकतात, फुंकर घालतात आणि दोन-तीन मिनिटांत मान हलवून ‘ठीक’ म्हणतात.

एप्रिल-मे लग्नसराईत सराव बुडाला. जूनमध्ये पायऱ्या चढताना पुन्हा दोनदा बसल्या. ऑगस्टमध्ये पावसात कफ वाढला, रंग पिवळा झाला. यावेळी सुनेने त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, औषध बदललं, भरती व्हावं लागलं नाही. कफाचा रंग बदलला, दम नेहमीपेक्षा वाढला किंवा पंप जास्त वेळा लागला, तर वाट बघायची नाही, हा कागद त्यांच्या कपाटावर चिकटवलेला आहे. कार्तिकी एकादशीला आक्का भजनात उभ्या राहिल्या. सगळ्या भजनाला नाही, एका अभंगाला. ओळ दोन ठिकाणी तोडून म्हटली आणि तिथे शेजारणींनी धरली.

पुन्हा करायचं तर

पहिल्या दिवसाचा कागद मी बदलला. आता श्वासाचे पाच प्रश्न वर आहेत: सपाटीवर बरोबरीच्या माणसांबरोबर चालताना मागे पडता का, दरवर्षी काही महिने कफ पडतो का, चुलीपुढे बरीच वर्षं गेली का, पंप किंवा दम्याची गोळी आहे का, आणि श्वास घेताना त्रास होतो की सोडताना. शेवटचा प्रश्न आक्कांचा आहे. पहिल्या चारांपैकी दोन ‘हो’ आले किंवा सोडताना त्रास होतो म्हटलं, तर आधी स्पायरोमेट्री, मग वर्ग. या वर्षी चार बायकांना पाठवलं. एकीला सीओपीडी निघाला, एकीला दमा, दोघींची फुप्फुसं चांगली होती. त्या दोघींना उगाच हेलपाटा झाला असं मला वाटत नाही.

वर्गाचा क्रमही उलटा केला. सुरुवात संथ श्वासाने आणि लांब सोडण्याने. कपालभाती शेवटी, ज्यांना चालते त्यांनाच, वीस-वीस स्ट्रोकच्या फेऱ्यांत, मध्ये विश्रांती. चक्कर किंवा मुंग्या आल्या की थांबायचं, हे मी रोज मोठ्याने सांगते. औषधाचा विषय वर्गात निघाला तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर बोलते. हसून सोडून देत नाही. औषध सुटल्याचं सांगणाऱ्या बाईला मी अपमान वाटू न देता विचारते, डॉक्टरांना दाखवलंत का? बहुतेकदा दाखवलेलं नसतं.

घरी आधी जायला हवं होतं, हे तर आहेच. जुलैत एकदा जरी परसात डोकावले असते तरी तो धूर दिसला असता.

आणि ती परसातली चूल. आक्कांपासून धूर लांब नेताना आम्ही तो सुनेपुढे ठेवला, हे चौघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. ती ३४ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात सराव घेताना मला आतून तिचा खोकला ऐकू आला. विचारलं तर म्हणाली, “थंडीचा असतोय, दरसाली.” आक्का फुंकर अर्ध्यावर सोडून म्हणाल्या, “माझा बी असाच व्हता.” पाण्यासाठी छपरावर सौर हीटर बसवायचं मुलाने मनावर घेतलं आहे, उसाचं बिल आलं की. येत्या गुरुवारी मी सुनेला घेऊन ताईंकडे स्पायरोमेट्रीला जाते आहे.